रुग्णाचा हक्क आणि लोकांची देखरेख

नागपुरात 'मेयो' आणि 'मेडिकल' ही दोन नावे ज्याच्या कानावरून गेली नाहीत असा मनुष्य विरळाच. जुने मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. आणि मेडिकल म्हणजे १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. या संस्था नुसत्या शहराच्या नव्हेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून, इतकेच नव्हे तर मध्यप्रदेशातील छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाट येथूनही रोगी येथे येतात. सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तीत वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी, गोंडी असे सारे बोल ऐकू येतात. एका हाती केसपेपर, दुसऱ्या हाती शिदोरीचे गाठोडे, आणि चेहऱ्यावर एकच चिंता: आज खाट मिळेल काय?

ही माणसे त्या खिडकीपाशी काय मागावयास येतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ती दया मागतात की आपल्या हक्काची वस्तू मागतात? वरवर पाहता दोन्हींत फारसे अंतर दिसत नाही. औषध मिळाले म्हणजे झाले, ते कोणत्या नात्याने मिळाले याच्याशी रोग्याला काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. परंतु अंतर कळून येते ते नकाराच्या वेळी. दया मागणाऱ्याला नकार मिळाला म्हणजे तो मान खाली घालून दुसऱ्या दारी जातो. हक्क मागणाऱ्याला नकार मिळाला, तर नकार देणाऱ्यास त्याचे कारण सांगावे लागते, आणि ते कारण पटण्याजोगे नसेल तर त्याला जाब द्यावा लागतो. आरोग्यसेवेचा हक्क म्हणजे काय, तर हा जाब विचारण्याची सोय. ही सोय कायद्याने निर्माण होते हे खरे. पण ती टिकते मात्र लोकांच्या देखरेखीने, आणि तिचा विचार करावयाचा तर तो या दोन्ही अंगांनी करावयास हवा.

या कल्पनेचा आपल्या देशातील इतिहास फार जुना नाही. १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्यविषयक पाहणीसाठी एक समिती नेमण्यात आली आणि १९४६ साली तिने आपला अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणीही मनुष्य योग्य वैद्यकीय मदतीवाचून राहू नये, हे त्या अहवालाचे मूलतत्त्व होते. १९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जो जाहीरनामा मान्य केला, त्याच्या २५ व्या कलमातही वैद्यकीय सेवेचा उल्लेख आला. पुढे १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या ४७ व्या अनुच्छेदाने लोकांचे पोषण व सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे एक प्राथमिक कर्तव्य ठरविले. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत पडले. त्याच्या आधारे कोणाला न्यायालयाकडून हुकूम मिळविता येईना. कर्तव्य लिहिले गेले. जाब विचारण्याची सोय मात्र राहून गेली.

ही उणीव भरून काढण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने केले. २१ व्या अनुच्छेदात जीविताचे जे संरक्षण सांगितले आहे, त्यात प्राण वाचविण्यासाठी लागणाऱ्या उपचारांचाही समावेश होतो, असा अर्थ त्याने लावला. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, अपघातात सापडलेल्या मनुष्यावर आधी उपचार झाले पाहिजेत, पोलिसांचे सोपस्कार मागाहून. आणि हे बंधन सरकारी तसेच खासगी वैद्यांवरही आहे. १९९६ सालचा दुसरा निकाल याहून बोलका आहे. पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर १९९२ च्या जुलै महिन्यात आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार लागलेल्या त्या माणसाला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात असे फिरविण्यात आले. कोठे खाट नाही, तर कोठे साधने नाहीत. शेवटी एका खासगी रुग्णालयात पदरचे पैसे खर्चून त्याने उपचार करून घेतले. न्यायालयाने त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली आणि पैशाची टंचाई ही सबब या बाबतीत राज्याला सांगता येणार नाही असे बजावले. मजुराच्या बाजूने लढण्यास त्याची संघटना उभी होती, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे.

आता महाराष्ट्रात काय आहे ते पाहू. सार्वजनिक न्यासांनी चालविलेल्या रुग्णालयांना, म्हणजे ज्यांना आपण धर्मादाय रुग्णालये म्हणतो त्यांना, करांत व इतर बाबतींत ज्या सवलती मिळतात, त्यांच्या मोबदल्यात त्यांनी गरिबांसाठी काही करावे, या हेतूने सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात '४१ कक' हे कलम घालण्यात आले. तथापि ते कलम बराच काळ पुस्तकातच पडून होते. एका नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, आणि त्या प्रकरणातून जी योजना ठरली ती २००६ च्या सप्टेंबरपासून अमलात आली. तिचा सारांश असा. ज्या धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक खर्च पाच लाख रुपयांच्या वर आहे, त्याने आपल्या दर शंभर खाटांपैकी दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि आणखी दहा खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या. ज्यांना पैसे देणे शक्य आहे अशा रुग्णांच्या एकूण देयकांपैकी शेकडा दोन टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळी काढावयाची, आणि तीतून या गरिबांचा खर्च भागवावयाचा. प्राण संकटात असलेल्या रुग्णाला ताबडतोब दाखल करून घ्यावयाचे; त्याच्याकडे अनामत रक्कम मागावयाची नाही.

श्रोतेहो, नियम असा स्पष्ट आहे. मग अडते कोठे? रात्री दहा वाजता छातीत कळ येऊन कोणी मनुष्य रुग्णालयाच्या दारी आला, तर त्याच्या मुलाला हे कलम ठाऊक नसते. ठाऊक असले तर उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका त्या क्षणी हाताशी नसते. दारावरचा कारकून म्हणतो, 'राखीव खाटा भरल्या आहेत.' त्या खरोखर भरल्या आहेत काय, हे पाहणार कोण? घाबरलेला मुलगा वाद घालीत नाही. तो कोणाकडून तरी हातउसने घेतो, बायकोचे डोरले गहाण टाकतो, आणि अनामत भरतो. दुसऱ्या दिवशी कायदा जेथल्या तेथे असतो आणि घर मात्र कर्जात बुडालेले असते. येथे कायद्याचा भंग झाला. पण तक्रार झाली नाही, नोंद झाली नाही, म्हणून भंग झालाच नाही असे कागद सांगतो. ज्या हक्काची कोणी मोजदाद ठेवीत नाही तो अशा रीतीने निमूटपणे नाहीसा होतो.

खासगी शुश्रूषागृहांची स्थितीही पाहण्याजोगी आहे. केंद्र सरकारने २०१० साली वैद्यकीय आस्थापनांच्या नोंदणीचा कायदा केला. तो स्वीकारावा की नाही हे राज्यांच्या इच्छेवर होते, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. येथे १९४९ सालचा शुश्रूषागृह नोंदणीचा जुना कायदाच आधाराला राहिला. २०२१ च्या जानेवारीत त्याचे नियम सुधारण्यात आले. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दरपत्रक दर्शनी भागी लावावे, आणि तक्रारींची दखल घेण्याची व्यवस्था असावी, अशी त्यांत भर पडली. सुधारणा चांगली आहे. परंतु दर किती असावेत हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाला हे नियम हात लावीत नाहीत.

या प्रश्नाचा निकाल नागपूरलाच एकदा लागला, आणि तो विचार करावयास लावणारा आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा राज्य शासनाने खासगी रुग्णालयांतील खाटा ताब्यात घेण्याची व दरांवर मर्यादा घालण्याची अधिसूचना काढली. ही मर्यादा कोरोनाच्या रुग्णांपुरती नव्हती, इतर रुग्णांनाही लागू होती. नागपूरच्या रुग्णालयांच्या संघटनेने तिला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आव्हान दिले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात खंडपीठाने निर्णय दिला की, ज्यांना कोरोना नाही अशा रुग्णांच्या उपचारांचे दर ठरविण्याचा अधिकार शासनाला नाही. तेवढ्यापुरती अधिसूचना रद्द झाली. या निर्णयाचा कोणी राग मानण्याचे कारण नाही. न्यायालय जे कायद्यात नाही ते निर्माण करू शकत नाही. विधिमंडळाने आधी दरांविषयी स्पष्ट व विचारपूर्वक कायदा केला असता, तर साथीच्या ऐन धांदलीत दुसऱ्याच कामासाठी केलेल्या कायद्यांच्या आडोशाला उभे राहण्याची पाळी शासनावर आली नसती.

त्याच खंडपीठाचे दुसरे रूप पुढल्या वर्षी दिसले. २०२१ च्या एप्रिलात नागपुरात रोग्यांना खाट मिळेना, प्राणवायू मिळेना; रेमडेसिव्हिर या औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक रात्री-अपरात्री औषधांची दुकाने पालथी घालीत होते आणि काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजीत होते. खंडपीठाने या स्थितीची आपण होऊन दखल घेतली होती. १९ एप्रिल रोजी त्याने राज्य शासनाला आज्ञा केली की, नागपूरसाठी दहा हजार कुप्या त्याच रात्री आठ वाजेपर्यंत पुरविण्यात याव्या. तरीही पुढील सुनावणीच्या वेळी त्या आज्ञेचे पुरते पालन झालेले नव्हते, आणि न्यायमूर्तींनी त्याबद्दल तीव्र शब्दांत नापसंती व्यक्त केली.

या प्रसंगातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, संकटाच्या वेळी जाब विचारणारी एक जागा होती म्हणून लोकांना धीर आला; ती नसती तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही. दुसरा धडा थोडा कडू आहे. ज्या औषधासाठी एवढा आकांत झाला, ते मृत्यू टाळण्यास फारसे उपयोगी पडत नाही असा मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा प्राथमिक निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरातच प्रसिद्ध झाला होता. आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबरात रुग्णालयातील रोग्यांना ते देऊ नये असा सल्लाही दिला होता. डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते, नातेवाईक धावत होते, आणि न्यायालयाला समोर आलेल्या मागणीचाच विचार करावा लागत होता. देखरेखीला ज्ञानाची जोड नसेल तर ती चुकीच्या वस्तूसाठीही तेवढ्याच तळमळीने झगडते. शिवाय न्यायालय हे शेवटचे दार आहे. ते घर पेटल्यावर उघडते. चुलीतला विस्तव रोज विझला की नाही हे पाहणे त्याचे काम नव्हे.

विस्तवाचा हा दाखला दुर्दैवाने अक्षरशः खरा आहे. नागपूरहून साठेक किलोमीटरांवरील भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. राज्यभर हळहळ झाली, सर्व रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासण्याचे आदेश सुटले. पण त्याच वर्षी एप्रिलात विरार येथील एका रुग्णालयात आणि नोव्हेंबरात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटले व पुन्हा माणसे गेली. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले. त्यांत बारा नवजात बालके होती. तेव्हाही उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, आणि औषधांचा पुरवठा व रिकाम्या जागा यांचा हिशेब शासनाकडे मागितला. प्रत्येक वेळी चौकशी झाली ती मरणानंतर. औषधांचे कपाट किती दिवसांपासून रिकामे आहे, मंजूर परिचारिकांपैकी प्रत्यक्षात किती आहेत, आग विझविण्याची नळकांडी केव्हा भरली होती, हे प्रश्न आदल्या महिन्यात कोणी विचारले असते तर?

असे प्रश्न सामान्य लोकांनी विचारावयाचे, ही गोष्ट अशक्य नाही. महाराष्ट्रात ती करून पाहिलेली आहे. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ साली पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला; त्यांत विदर्भातील अमरावती जिल्हा होता. गावच्या समितीने परिचारिका येते काय, लस टोचली जाते काय, प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध मिळते की बाहेरून आणावयास सांगतात, याची चौकशी करावयाची. जे आढळेल ते एका तक्त्यावर रंगाने दाखवावयाचे: चांगले ते हिरवे, बरे ते पिवळे, वाईट ते लाल. मग जनसुनवाई भरवावयाची, आणि तेथे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लोकांसमोर उत्तरे द्यावयाची. लिहितावाचता न येणारी बाईसुद्धा त्या तक्त्यातला लाल रंग वाचू शकते, हे या पद्धतीचे मर्म होय. परंतु हा सारा उपक्रम अभियानाच्या अनुदानावर चालणारा. त्याला कायद्याचा आधार नाही. दूरच्या ब्राझील देशाने या बाबतीत पुढचे पाऊल टाकले. १९८८ सालच्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क म्हणून लिहिल्यानंतर १९९० साली तेथे कायद्याने आरोग्य परिषदा स्थापन झाल्या, आणि त्यांतील निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या लोकांसाठी ठेवण्यात आल्या. तेथे देखरेख ही कोणाच्या मर्जीची गोष्ट राहिली नाही.

या ठिकाणी डॉक्टरांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. राजस्थानने २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्याच्या हक्काचा स्वतंत्र कायदा मंजूर केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य. तेथील खासगी डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. तातडीचे उपचार विनामूल्य करा म्हणता, पण त्यांचा खर्च कोण देणार आणि केव्हा देणार, हा त्यांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता. हक्क देणाऱ्या कायद्याने त्याच पानावर पैशाची तरतूदही लिहावी हे योग्य होय. तसेच, रुग्ण दगावला की डॉक्टरांवर हात टाकावयाचा, खिडक्या फोडावयाच्या, ही देखरेख नव्हे. तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदाही आहे. तीन माणसांचे काम एकट्याने रात्रभर ओढणारा निवासी डॉक्टर हा रुग्णाचा शत्रू नव्हे. रिकाम्या जागांचा जाब जेव्हा लोक विचारतात, तेव्हा ते त्याचीही बाजू मांडीत असतात.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांना या कामी पुष्कळ करण्यासारखे आहे. घरी धुणेभांडी करणारी बाई, दारावरचा राखणदार, मुलांना शाळेत नेणारा रिक्षावाला, यांच्या घरी आजारपण आले म्हणजे सल्ला विचारावयास ती माणसे अशाच घरी येतात. त्या वेळी हातावर शंभर-दोनशे रुपये ठेवणे सोपे असते. त्याहून अधिक उपयोगाचे म्हणजे राखीव खाटांची गोष्ट त्यांना आधीच सांगणे, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवावयास लावणे, आणि प्रसंग पडल्यास धर्मादाय आयुक्तांच्या नागपूर येथील कार्यालयाकडे चार ओळींचा अर्ज लिहून देणे. स्वतः कोणत्याही रुग्णालयात गेल्यावर सनद व दरपत्रक कोठे लावले आहे हे शांतपणे विचारावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. एरवी तीस दिवसांत मिळावयाची माहिती मनुष्याच्या जीविताशी संबंधित असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शासकीय रुग्णालयांना अभ्यागत मंडळे व रुग्ण कल्याण समित्या असतात. त्यांच्या सभा भरतात काय, त्यांत काय ठरते, हे विचारणारे पत्र पाठविण्यास काही खर्च येत नाही.

आणि विधिमंडळाकडे मागावयाचे ते एवढेच: खासगी उपचारांच्या दरांविषयी स्पष्ट कायदा, राखीव खाटांपैकी रोज किती रिकाम्या आहेत हे रुग्णालयाच्या दारावर आणि सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी जाहीर करण्याचे बंधन, आणि रुग्णालयांवरील समित्यांत सामान्य रुग्णांच्या प्रतिनिधींना कायद्याने दिलेली जागा. यातील एकही गोष्ट अवघड नाही. पण मागणारे असल्यावाचून यातील एकही होणार नाही. कायदा झाला म्हणजे आपले काम संपले असे समजण्याची सवय पुष्कळांना असते. '४१ कक' कलमाचा इतिहास सांगतो की, काम तेथून सुरू होते. आज रात्रीही दूरच्या गावाहून निघालेली कोणती तरी गाडी पहाटे नागपुरात शिरेल, आणि तीतून उतरलेला मनुष्य मेडिकलच्या नाही तर एखाद्या धर्मादाय रुग्णालयाच्या दाराशी उभा राहील. त्याच्यासाठी कायद्याने राखलेली खाट तेथे आहे. ती रिकामी आहे की नाही, हे त्याच्या वतीने पाहणारे कोणी तेथे असावे.